पेन्सिल बाहेर ठेवून

साहित्य विभागाच्या सूचनाफलकावर सोमवारी सकाळी एक कागद लागला. तो वाचून वर्गातल्या बहुतेकांना बरं वाटलं. एकीला मात्र वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

कागदावर मजकूर थोडाच होता. दर बुधवारी दुपारी तीन ते चार, वाचनकक्षात निवांत वाचन. जे वाचून तुम्हाला बरं वाटतं ते पुस्तक घेऊन यावं. चर्चा नाही, टिपणं नाहीत, गुण नाहीत. पेन्सिल बाहेर ठेवावी. खाली विद्यार्थी कल्याण कक्षाचा शिक्का होता आणि विभागप्रमुख बाईंची सही होती.

संशय आला त्या मुलीला वर्गात फौजदार म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या खानावळीत तिचा चमचा चोरीला गेला, तेव्हा तिने तीन दिवस सगळ्यांचे जबाब घेतले होते. चौथ्या दिवशी चमचा तिच्याच दप्तराच्या तळाशी सापडला. त्यावरही तिचं म्हणणं असं की, तो तिथे कुणी ठेवला याचा शोध लागायला हवा होता.

आता तिचा स्वभाव असा, आणि शिकायला मिळालं तेही नेमकं साहित्य. त्या विभागात दोन वर्षं दुसरं काय शिकवतात? ओळ जे सांगते त्यावर विश्वास ठेवू नका, ती काय लपवते ते बघा. कुणी 'आकाश निळं आहे' असं लिहिलं, तर ते कुणाच्या सोयीसाठी निळं आहे ते विचारा. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं, म्हणतात तशातली गत. आईचं पत्र आलं तरी ही पोरगी ते दोनदा वाचायची, एकदा मजकुरासाठी आणि एकदा आईला खरं काय म्हणायचंय त्यासाठी.

आणि सही कुणाची, तर कात्रीबाईंची. विभागप्रमुखांचं हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाई निबंधातली विशेषणं कापत. लाल पेनाने, एका रेघेत, हात न थांबवता. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "साहित्य म्हणजे उशी नव्हे. झोप हवी असेल त्यांनी वसतिगृहात जावं." दीड वर्षापूर्वी बाईंचे यजमान गेले. वर्गाने सह्या करून पत्र दिलं. बाई सहाव्या दिवशी शिकवायला आल्या, पत्राबद्दल आभार मानले, आणि त्यात 'अतीव' हा शब्द दोनदा आलाय असंही सांगितलं. बाईंच्या अंगात रक्त नसून लाल शाई आहे, असं त्या दिवशी वर्गाचं एकमत झालं.

ही बाई आता म्हणत होती, आपापली उशी घेऊन या.

फौजदारने सूचना उतरवून घेतली आणि विचार केला. सत्र संपताना विभागात संशोधन-सहायकाची एकच जागा भरायची होती आणि नाव बाईच सुचवणार होत्या. ती जागा मिळाली तर फौजदारला इथेच राहून पुढे शिकता येणार होतं. नाही मिळाली तर घरी जाऊन भावजींच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासत बसायचं, हे ठरलेलं होतं. भावजी माणूस सज्जन, पण 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे वाक्य आयुष्यभर तपासायचं ही कल्पनाच तिला सोसत नसे. तेव्हा हिशेब सरळ होता. निवांत माणूस बेसावध असतो. पोरं बेसावधपणी काय वाचतात ते बाईंना बघायचं होतं. जो फुटकळ वाचताना सापडेल त्याचं नाव यादीतून कमी होणार.

"असेल की," तिची खोलीतली जोडीदारीण म्हणाली. "पण नसेलही."

या जोडीदारणीला गोगलगाय म्हणत. पाठीवर कायम मोठी पिशवी, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. दोन वर्षं दोघी एका खोलीत राहत होत्या आणि एकदाही भांडल्या नव्हत्या, कारण भांडायला लागणारा वेग गोगलगाईकडे नव्हता.

पहिल्या बुधवारी वाचनकक्षाच्या दारात शिपाईमामा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन उभे होते. येईल त्याची पेन्सिल डब्यात.

"मला पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही, मामा," फौजदार म्हणाली.

"सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. टाक."

तिने कानावरची टाकली.

"केसातलीसुद्धा."

आत टेबलं भिंतीला सरकवली होती आणि खुर्च्या खिडक्यांकडे वळवल्या होत्या. बाई कोपऱ्यात एक पुस्तक उघडून बसल्या होत्या. फौजदारने पहिल्या पाच मिनिटांत हेरलं की बाई पान उलटत नाहीत. म्हणजे वाचत नव्हत्या. म्हणजे पहारा करत होत्या. संशय खरा ठरल्याचं समाधान वेगळंच असतं, ते तिला मिळालं.

तिनेही तयारी कच्ची ठेवली नव्हती. हातात 'शून्याचा उत्तरार्ध' होती, सातशे पानांची कादंबरी, ज्यात पहिला पूर्णविराम पान एकशे नव्वदवर येतो. ग्रंथालयात ती धूळ खात पडलेली असे आणि तिचं नाव घेतलं की लोक आदराने विषय बदलत. फौजदारने ती छातीसमोर उभी धरली होती. आत, तिच्या पोटात, दुसरं पुस्तक होतं.

ते होतं 'बेडूकरावांचं घड्याळदुकान'. पानं चव्वेचाळीस, चित्रं रंगीत, मुखपृष्ठ दोनदा चिकटवलेलं. बेडूकराव घड्याळं दुरुस्त करतात, पण त्यांनी दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं मागे चालतं, त्यामुळे त्या गावात कुणालाच कसली घाई नसते. एवढीच गोष्ट. फौजदार सात वर्षांची असताना आई अडीच महिने रुग्णालयात होती. तेव्हा अकरा वर्षांची ताई रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला हे पुस्तक वाचून दाखवायची. पुढे आई बरी होऊन घरी आली, ताई परिचारिका झाली आणि पुस्तक फौजदारकडे राहिलं. परीक्षेच्या आधी, ताप आला की, घरची आठवण आली की ती ते काढी. दुसऱ्या पानावर श्वास सावकाश होई आणि दहाव्या पानावर खांदे खाली येत. हे तिने आजवर गोगलगाईलासुद्धा कळू दिलं नव्हतं. साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात बेडूक बाळगणं म्हणजे शोभा करून घेणं.

चार वाजता मामांनी चिठ्ठ्या वाटल्या. पुस्तकाचं नाव लिहायचं आणि काय बरं वाटलं ते एका ओळीत. स्वतःचं नाव लिहायचं नाही.

नाव लिहू नका म्हणे. दोन वर्षं आमचे निबंध कापणाऱ्या बाईला अक्षर ओळखायला नाव लागतं? फौजदार मनातल्या मनात हसली आणि तिने लिहिलं, 'शून्याचा उत्तरार्ध. विरामचिन्हांच्या अभावातून एक गहन, निःशब्द, अंतर्मुख स्थैर्य लाभलं.' वाचून तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

पाच बुधवार असेच गेले. बाकीची मुलं हळूहळू सैलावली. कुणी जुन्या रहस्यकथा आणू लागलं, कुणी विनोदी, एक जण तर आगगाड्यांचं वेळापत्रक आणायचा आणि मन लावून वाचायचा. गोगलगाय एक जाडजूड प्रेमकथा आणायची. त्यात एका जहाजाचा कप्तान आणि एक दंतवैद्य बाई यांचं काही केल्या जमत नव्हतं. ती वाचताना गोगलगाय खुशाल रडायची, खांदे हलवून हसायची, आणि चिठ्ठीवर लिहायची, 'कप्तान परत आला. बरं वाटलं.' फौजदारला तिची दया यायची. बिचारी आपल्या हाताने आपलं नाव कापून घेत होती.

दया दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकली. मग गुरुवारी दुपारी तीन वाजता बाईंनी गोगलगाईला खोलीत बोलावलं. दार बंद झालं आणि पाऊण तास उघडलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. जाताना प्रेमकथा पिशवीत, येताना डोळे लाल.

"काय चालतं ग तुमचं आत?" फौजदारने विचारलं.

"काही नाही."

"पाऊण तास काही नाही?"

गोगलगाईने जरा वेळ घेतला. "बाईंनी कुणाला सांगू नको म्हटलंय."

झालं. फौजदारच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे होतं. त्या संध्याकाळी तिने ताईला फोन लावला.

"गोगलगाय नि पोटात पाय," ती म्हणाली. "लोक म्हण करतात ती उगाच करत नाहीत. ती जागा हिला मिळणार, बघ तू."

"मिळू दे की मग, तीही शिकलेलीच आहे," ताई म्हणाली. पलीकडून रुग्णालयातल्या ढकलगाडीचा आवाज येत होता. "तुझं लहानपणापासून हेच. मी गोष्ट वाचत असले की मध्येच पुस्तक ओढून बघायचीस, मी काही गाळलं का."

"तू गाळायचीसच."

"एकच पान. आणि का गाळायचे ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. पान एकतीसवर कासवआजोबा आपलं घड्याळ न्यायला येत नाहीत. बेडूकराव वाट बघतात, मग त्यांना कळतं की आजोबा आता कधीच येणार नाहीत. तेव्हापासून ते आजोबांच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली देतात. बस, एवढंच आहे त्या पानावर. आई रुग्णालयात असताना अकरा वर्षांच्या ताईने ते एकदा पुढे डोळे फिरवून वाचलं आणि मग दरवेळी दोन पानं एकदम उलटली. फौजदारने ते पान पुढे मोठेपणी वाचलं, पण उलटायची सवय मात्र तशीच राहिली. घरातली रीतच होती ती.

"तुला एक सांगू?" ताई म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं असतं. तू नक्की काय लपवते आहेस ते बघ आधी."

फौजदारने विषय बदलला.

पाचव्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी ती निबंध द्यायला बाईंच्या खोलीत गेली. बाई बैठकीला गेल्या होत्या. "टेबलावर ठेव आणि लगेच ये," मामा बाहेरून म्हणाले. तिने निबंध ठेवला. टेबलाचा खण अर्धा उघडा होता. उरलेला अर्धा तिने उघडला.

आत चिठ्ठ्या होत्या. ज्यांवर नाव नव्हतं त्या सगळ्या चिठ्ठ्या, अक्षरानुसार वेगळ्या केलेल्या, प्रत्येक गठ्ठ्याला टाचणी. आणि गठ्ठ्यांवर बाईंच्या बारीक अक्षरात शेरे. रहस्यकथावाल्याच्या गठ्ठ्यावर 'चार पानं. मग नाही.' वेळापत्रकवाल्याच्या गठ्ठ्यावर 'थोडं.' गोगलगाईच्या गठ्ठ्यावर 'बारा पानं. पस्तीस. साठ!' बाईंनी उद्गारचिन्ह वापरलेलं फौजदारने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तिच्या स्वतःच्या गठ्ठ्यावर ओळीने लिहिलं होतं, 'नाही. नाही. नाही. पुन्हा पाहणे. नाही.'

साहित्याची विद्यार्थिनी ती, सात शब्दांवर सात पानं लिहू शकणारी. अर्थ लावायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. पानं म्हणजे गुण. गोगलगाय साठवर पोचली होती आणि तिला स्वतःला चार वेळा नाकारलं होतं. तरी 'पुन्हा पाहणे' म्हणजे एकदा दुसरी संधी दिली असावी, आणि तीही गेली.

खोलीवर गेल्यावर तिने गोगलगाईला जाब विचारला. शब्दाने शब्द वाढला, म्हणजे फौजदारचे वाढले. माझ्याबद्दल काय काय सांगितलंस, किती दिवसांपासून चाललंय, दोन वर्षं एका ताटात जेवतोय आपण. गोगलगाय खाटेवर पाय दुमडून बसून ऐकत होती.

"मी तुझ्याबद्दल काहीही बोललेले नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि बाईंबद्दल तुझ्याशी बोलणार नाही. तुला जे समजायचं ते समज." मग ती उठली आणि पिशवी घेऊन वाचनालयात निघून गेली. तिला एवढं भरभर चालताना कुणी पाहिलं नव्हतं.

फौजदारने तेव्हाच बसून कल्याण कक्षाकडे अर्ज टाइप केला. खाली नाव घातलं नाही. निवांत वाचनाच्या नावाखाली विद्यार्थ्यांची गुप्त चाचणी चालू आहे, निनावी चिठ्ठ्या अक्षरांवरून ओळखल्या जात आहेत, ही पद्धत अपारदर्शक, अनुचित आणि अविश्वसनीय आहे. तक्रारपेटीत कागद सरकवताना तिला फार बरं वाटलं. बेडूकरावांनी वाटायचं तसं नव्हे, पण वाटलं.

पुढच्या बुधवारी वाचनकक्षाला कुलूप होतं. मामा दाराशी डबा घेऊन उभे होते आणि विसरून राहिलेल्या पेन्सिली ज्याच्या त्याला परत देत होते.

"बंद झालं," ते म्हणाले. "कुणीतरी अर्ज केला म्हणे."

वर्ग दारापाशी घोटाळत राहिला. वेळापत्रकवाल्याने कुलूप एकदा हलवून पाहिलं. रहस्यकथावाला म्हणाला, त्याला या तासानंतर रात्री झोप लागायची, बऱ्याच महिन्यांनी लागायला लागली होती. सगळे आपापली पुस्तकं पुन्हा पिशवीत घालून गेले. फौजदारला मामांनी दोन पेन्सिली दिल्या, एक कानाची, एक केसांची. त्या हातात घेऊन ती बराच वेळ जिन्यात उभी राहिली. आपण जिंकलो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. पटत नव्हतं.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता तिला बाईंचं बोलावणं आलं.

"दार लाव. बस."

टेबलावर तीन गोष्टी होत्या. तिचा अर्ज, तिच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि 'शून्याचा उत्तरार्ध'. कादंबरीत सुरुवातीच्याच पानांत पाच कागदी खुणा खोचलेल्या होत्या.

"जागेसाठी तुझं नाव गेलेलं आहे," बाई म्हणाल्या. "ती सूचना लागली त्याच्या आदल्या शुक्रवारीच. तुझ्या निबंधांवरून. ते सांगायला बोलावलेलं नाही."

इतके आठवडे जिच्यासाठी जीव टांगणीला लावला ती जागा अशी एका ओळीत पुढ्यात आली आणि फौजदारला आनंद करायलाही सुचलं नाही.

"अर्ज कुणाचा हे मी विचारणार नाही. टाइप केलेला आहे. पण अपारदर्शक, अनुचित आणि अविश्वसनीय." बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. "तीनच्या तीन. दोन वर्षं कापतेय मी ती, तरी उगवतात."

फौजदारचे कान तापले.

"त्यातलं एक खरं आहे. अक्षरावरून मला माणूस कळत होता. ते आधीच सांगायला हवं होतं मी. चुकलं. पण गुण मी देत नव्हते."

"मग पानं कसली मोजत होतात, बाई?" खण उघडल्याची ही कबुलीच होती, पण आता ते लपवण्यात अर्थ नव्हता.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी. मला किती वाचता आली त्याची."

फौजदारला काही कळलं नाही.

"आमचे हे गेल्यापासून मला वाचता येत नाही. निबंध तपासते, पत्रं वाचते, इतिवृत्तं वाचते. पण गोष्ट उघडली की डोळे ओळीवरून जातात आणि आत काही पोचत नाही. पानाच्या शेवटी आलं की सुरुवात आठवत नाही. दीड वर्ष झालं. साहित्य विभागाची प्रमुख आणि एक गोष्ट वाचून होत नाही. कुणाला सांगणार होते? कल्याण कक्षातल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलांचंही असंच होतंय, सारखं चिरफाड करून वाचायचं, त्यांना वाचनाने आता बरंच वाटत नाही. तास सुरू करा. मला वाटलं, मुलांना कशाने बरं वाटतं ते तरी कळेल. एकेक पुस्तक घेऊन बघावं." बाईंनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. "तुझ्या मैत्रिणीचा कप्तान मला एकटीने जमेना. म्हणून ती येऊन वाचून दाखवते. साठ पानं झाली. कुणाला सांगू नको असं मी तिला म्हटलं होतं. तिने सांगितलं नाही, ते तुझ्या अर्जावरून कळलं."

साप समजून भुई धोपटली म्हणतात. फौजदारने तर भुई सोडून शेजारचं माणूसच धोपटलं होतं. तिला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"आता हे." बाईंनी जाड कादंबरी पुढे सरकवली. "तू हुशार आहेस. विभागातली सगळ्यात हुशार. दर आठवड्याला तू लिहितेस, यातून स्थैर्य लाभतं. पाच वेळा सुरुवात केली मी. पाचही वेळा काहीच नाही. मग वाटायला लागलं, पुस्तक चांगलंच असणार, माझ्याच आत आता काही उरलेलं नाही." त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिल उचलली. "मला समजावून सांग. काय मिळतं तुला यात?"

फौजदारने तोंड उघडलं. शब्द तयारच होते, दोन वर्षांच्या शिक्षणाने तेवढी सोय केलेली होती.

"म्हणजे, बाई, या कादंबरीतला काळ सरळ रेषेत जात नाही. आणि वाक्य संपत नसल्यामुळे वाचक एका अखंड वर्तमानात..."

बाई लिहून घेत होत्या. मान खाली घालून, पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तन्मयतेने, एकेक शब्द. 'अखंड वर्तमान' त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ बघून फौजदारने वाक्य तिथेच सोडलं.

"मी ती वाचलेली नाही," ती म्हणाली. "अकरा पानांच्या पुढे नाही. मला त्यातलं काहीच कळलं नाही, बाई."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर मामा कुणाला तरी 'पाय वाजवू नकोस' म्हणाले ते आत ऐकू आलं.

"मग पाच बुधवार काय वाचत होतीस?"

फौजदारने दप्तरातून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर बेडूकराव डोळ्याला भिंग लावून बसले होते. "हे," ती म्हणाली. "लहानपणी ताई वाचून दाखवायची. मला पाठ आहे. तरी वाचते."

बाईंनी बेडकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जागेचं आपण नंतर बोलू," त्या म्हणाल्या. आणि फौजदारने, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, त्या वाक्याच्या आत काय दडलंय ते शोधलं नाही. जायची असेल तर जाऊ दे जागा. औषधांची खोकी कुणीतरी तपासायला हवीतच.

बाईंनी पुस्तक जवळ ओढलं, आणि सवयीने त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला.

"बाई," फौजदारने तळहात पुढे केला. "पेन्सिल."

बाई थांबल्या. मग त्यांनी पेन्सिल तिच्या हातावर ठेवली, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. 'बेडूकरावांच्या दुकानात एकही घड्याळ बरोबर चालत नसे, आणि गावाला तेच आवडे.' बाईंचे डोळे ओळीवरून गेले. पान संपलं. त्या जरा थांबल्या. मग मागे न जाता त्यांनी पुढचं पान उलटलं.

तीन वाजले तेव्हा दारावर टकटक झाली. गोगलगाय कप्तानाला घेऊन आली होती. फौजदारने दार किलकिलं करून ओठांवर बोट ठेवलं. गोगलगाईने आत पाहिलं. बाई एकट्या वाचत होत्या. तिने फौजदारकडे पाहिलं, आणि बाहेरच्या बाकावर एका कडेला सरकून बसली. दुसऱ्या माणसाला जागा होईल एवढी सरकली.

पण फौजदारला बाहेर जाता येईना. तिला पान एकतीस आठवलं होतं.

हे आधीच कसं सुचलं नाही? दीड वर्षापूर्वी नवरा गेलेल्या बाईच्या हातात आपण काय दिलं? ती टेबलाशी परत आली. बाई एकोणतिसाव्या पानावर होत्या आणि ओठांच्या कडेला काहीतरी होतं, हसू म्हणता आलं नसतं, पण त्याच्या वाटेवरचं.

"बाई, तिथली दोन पानं एकदम उलटायची असतात."

"का?"

"आमच्याकडे तशी रीत आहे."

बाईंनी एकच पान उलटलं. एकतीस. चित्रात बंद दुकान, फळीवर एकटं घड्याळ. बाई वाचत होत्या आणि फौजदार त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, ताई स्वयंपाकघरात तिच्याकडे बघायची तशी. बाई शेवटच्या ओळीशी आल्या. मग पुन्हा वरून सुरुवात केली. दुसऱ्यांदा संपलं तरी पान उलटेना. त्यांचा हात घड्याळाच्या चित्रावर पडून राहिला होता आणि चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. त्या ते पुसत नव्हत्या.

पुस्तक ओढून घ्यावं असं फौजदारला वाटलं. "बाई, शेवट चांगला आहे," ती घाईघाईने म्हणाली. "पुढे त्या घड्याळाला..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. नजर पानावरून उचलली नाही. "पुढचं सांगू नकोस."